स्वस्त औषधाचा वाली

आमच्या घरात थोरल्या आत्याचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू यायचं, "ती बाळंतपणात गेली." त्यापुढे कुणी काही विचारत नसे. पाऊस पडला, वीज गेली, तशी आत्या गेली. निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षातली ही गोष्ट. तिसरं बाळंतपण होतं. मूल सुखरूप झालं, सुईण हात धुऊन सोप्यात चहाला बसली, आणि दोन तासांत आत्या थंडगार पडली. आजी फार वर्षांनी एकदा मला म्हणाली, "तीन बारदानं भिजली बाई. आमी म्हटलं, घाण हाय, जाऊ दे भाईर."

आमची तंबाखूची वखार होती. एकेक बोद काट्यावर चढायचा, वजन वहीत उतरायचं, अर्ध्या किलोची तूट निघाली तर रात्री कंदील लावून पुन्हा हिशेब व्हायचा. आणि हेच घर पाणी गाळून पिणारं. गाळण्यात राहिलेला जीवसुद्धा मरू नये म्हणून गाळणं परत विहिरीच्या पाण्यात सोडणारं. तंबाखू मोजणाऱ्या, पाण्यातला जीव जपणाऱ्या त्या घरात आत्याच्या अंगावरून किती रक्त गेलं ते कुणी मोजलं नाही. रक्त मोजायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आजचा हा लेख त्या न मोजलेल्या रक्ताबद्दल आहे. ते थांबवायची साधनं आता आहेत. त्यातली बहुतेक स्वस्त आहेत. दोन तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या बायकांच्या बाळंतपणात तपासली गेली आहेत. तरीही ती सगळीकडे, वेळेवर, हाताशी का नसतात? उत्तर शोधताना मी आधी कंपन्यांकडे बोट दाखवलं, मग सरकारकडे. शेवटी ते बोट माझ्याकडेही वळलं, तेही सांगते.

आधी बेळगावची गोष्ट. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत एक अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डरमन ही त्यातली प्रमुख माणसं. एकूण १६२० बायका होत्या. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात, सोबत फक्त नर्सबाई. मूल जन्मल्याबरोबर ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि ८०८ जणींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. साध्या गोळ्या घेतलेल्यांत शंभरातल्या बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला. औषधाच्या गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण ६.४ वर आलं, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. फार गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर उतरला. त्रास काय, तर थोडा वेळ हुडहुडी आणि ताप. ऑक्टोबर २००६ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या जगभर मानल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

अर्ध्या बायकांना बिनऔषधी गोळी का दिली, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला. त्याचं उत्तर त्या वेळच्या नियमातच होतं. रक्तस्राव रोखायचं नेहमीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, आणि घरच्या बाळंतपणात ते द्यायची नर्सबाईला परवानगीच नव्हती. म्हणजे त्या गावांत 'नेहमीचा उपचार' याचा अर्थच 'काही नाही' असा होता. अभ्यासानं आपल्या जिल्ह्यातलं हे 'काही नाही' पहिल्यांदा आकड्यात मांडलं.

त्याच काळात बेळगावात आणखी एक वस्तू तयार झाली. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं प्लास्टिकचं कापड. मूल जन्मलं की ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचं, दोऱ्यांनी बांधायचं. खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मापाच्या खुणा. रक्त पिशवीत उतरतं आणि किती गेलं ते कुणालाही वाचता येतं. साधारण ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की धोक्याची घंटा. या कापडानं मोजल्यावर कळलं की नुसत्या डोळ्यांच्या अंदाजानं रक्त जवळजवळ एक तृतीयांश कमी धरलं जातं. शिकलेल्या माणसांचा अंदाज असा चुकतो, तर आमच्या सुईणीला आणि आजीला काय बोलायचं?

म्हणजे २००६ सालीच आपल्या हातात दोन गोष्टी होत्या. फ्रिज नको, सुई नको अशी गोळी, आणि रक्त मोजणारं कापड. पुढे काय झालं?

गोळीचा जन्मच दुसऱ्या कामासाठी झाला होता. सर्ल नावाच्या अमेरिकी कंपनीनं ती पोटातल्या अल्सरसाठी काढली. ती गर्भाशय आकुंचित करते हे लक्षात आल्यावर जगभरातले डॉक्टर ती बाळंतपणात वापरू लागले. गर्भाशय आकुंचित करते म्हणून ती रक्तस्राव थांबवते, आणि त्याच कारणानं गर्भपातही करते. औषध एक, गुण एक, कामं दोन. कंपनीनं त्या गुणाकडे पाठच फिरवली. बाळंतपणासाठी परवानगी मागणं दूरच, ऑगस्ट २००० मध्ये तिनं अमेरिकेतल्या डॉक्टरांना पत्र पाठवून गरोदर बायकांना ही गोळी देऊ नका असं बजावलं. व्यापाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला यामागचा हिशेब समजतो. स्वस्त गोळी, आयुष्यात दोन-तीनदा लागणारी, तीही जास्त करून गरीब देशांतल्या बायकांना. नवी परवानगी काढायची तर खर्च मोठा आणि वरून गर्भपाताचा वाद. ज्या मालात नफा कमी आणि कटकट जास्त, तो कुठला व्यापारी वखारीत ठेवतो? बेळगावचा अभ्यास झाला तो अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या आणि दानाच्या पैशातून.

हीच गत जपानच्या उताको ओकामोतो यांच्या औषधाची. या बाई संशोधक होत्या, मूल पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या. १९६२ च्या सुमारास त्यांनी पतीबरोबर ट्रानेक्झॅमिक ॲसिड शोधलं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबावा ही त्यांची मुळातली इच्छा. पण बाळंतपणात त्याची चाचणी घ्यायला त्या तिथल्या डॉक्टरांना राजी करू शकल्या नाहीत. औषध इतर कामांना वापरलं गेलं. शेवटी २१ देशांतल्या २०,०६० बायकांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन तासांत हे औषध दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतात, असं त्यात दिसलं. ओकामोतोबाई २०१६ साली वारल्या. औषध सापडल्यापासून ते बाळंतिणीच्या खाटेपर्यंत यायला पन्नास वर्षांहून जास्त लागली, आणि या काळात औषध एका थेंबानंही बदललं नव्हतं.

उलट उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर नफा म्हणजे पापच असा सूर लागेल. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारभर लाईट नसते तेव्हा त्या इंजेक्शनचं काय होतं याचा विचार करा. कार्बेटोसिन नावाचं औषध उष्णतेत टिकेल अशा रूपात फेरिंग कंपनीनं तयार केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं दहा देशांतल्या जवळजवळ ३०,००० बायकांवर ते तपासलं. त्यात भारतही होता. २०१८ साली निकाल आला की ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं आहे. कंपनीनं गरीब देशांतल्या सरकारी दवाखान्यांना ते परवडणाऱ्या किमतीत द्यायचं कबूल केलं. चांगलंच झालं. पण लक्षात घ्या, ही कबुली संघटनेनं करार करून, काम सुरू करण्याआधीच लिहून घेतली होती. नफा आपणहून दवाखान्यापर्यंत चालत येत नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून आणावं लागतं. स्वस्त गोळीला आणि प्लास्टिकच्या कापडाला असा हात कुणी दिला नाही. मापाचं असंच कापड आणि त्याबरोबर तातडीचे सगळे उपचार एकत्र वापरून केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटले. हा निकाल २०२३ चा. बेळगावचं कापड ते आफ्रिकेतला निकाल, मध्ये सतरा वर्षं.

आता नियमांकडे वळू. मिसोप्रोस्टॉलला भारतात रक्तस्रावासाठी परवानगी २००६ साली मिळाली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं, जिथे ऑक्सिटोसिन मिळत नाही तिथे वापरायला, ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. कागदावर सगळं ठीक. पण २०१२ साली बीड जिल्ह्यातल्या परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं. मार्च २०१७ मध्ये तर आपल्या उंबऱ्यावरच, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात, एका बाईच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. कर्नाटकाची हद्द तिथून हाकेवर. लोक चिडले, चिडायलाच हवं होतं. मग औषध दुकानांवर धाडी, गोळ्यांचा हिशेब, परवाने जायची भीती. दुकानदारांनी सगळ्यात सोपा मार्ग धरला. गोळी ठेवणंच बंद केलं.

त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. रीतीप्रमाणे माहेरी, सीमेपलीकडच्या एका लहानशा प्रसूतिगृहात. मुलगा झाला, आणि पाठोपाठ रक्त थांबेना. इंजेक्शन देऊन झालं होतं, पण उपयोग दिसेना. डॉक्टरीणबाईंकडच्या गोळ्या संपल्या होत्या. जावईबापू चिठ्ठी घेऊन धावले. पहिल्या दुकानात "नाही". दुसऱ्यात "आम्ही ती ठेवत नाही". तिसऱ्या दुकानदारानं चिठ्ठी वाचून त्यांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कितवा महिना?" नुकताच बाप झालेला तो पोरगा, हातावर बायकोच्या रक्ताचे डाग, त्याला वाटलं आपण काहीतरी गुन्हा करतोय. शेवटी एका ओळखीच्या नर्सनं दुसऱ्या दवाखान्यातून गोळ्या आणून दिल्या. चार बाटल्या रक्त चढवलं. पोरगी वाचली. आज तिचा मुलगा शाळेत जातो.

गर्भपाताबद्दल आपल्या बायकांच्या मनात काय येतं ते मी जाणते. स्वाध्यायाला बसणाऱ्या बाईला या गोळीचं नावही नकोसं वाटणार. कायदा गर्भपाताला काही अटींवर परवानगी देतो, आणि धर्म म्हणून आपलं मन वेगळं सांगतं. तो वाद मी इथे मिटवायला बसलेले नाही. पण दोन गोष्टी सरळ दिसतात. पोटात मुलगी आहे हे गोळी सांगत नाही, सोनोग्राफीचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस सांगतो, तेही पैसे घेऊन. आणि मुलगी नको हे दुकानदार ठरवत नाही, घर ठरवतं. आपल्या समाजात अशी घरं नाहीत असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? सासूबाई, सासरे, नवरा यांना हात लावायचा नाही म्हणून आपण गोळीला हात लावला. घरातला दोष तसाच राहिला, आणि शिक्षा मात्र रक्त जाणाऱ्या बाईला झाली.

आता बोट माझ्याकडे. गाई-म्हशींना पान्हा फुटावा म्हणून गोठ्यात इंजेक्शन देतात ते तुम्ही पाहिलं असेल. तेच हे ऑक्सिटोसिन. मुकं जनावर, वासरू मेलेलं, आणि सुई टोचून दूध काढायचं. मला त्याची शिसारी येई. म्हैसाळच्या त्याच वर्षी, चातुर्मासात, आमच्या महिला मंडळानं या इंजेक्शनवर बंदी घाला म्हणून निवेदन केलं. बस्तीच्या पायऱ्यांवर टेबल मांडून मी स्वतः दीडेकशे सह्या गोळा केल्या. 'जीवदयेचं काम' म्हणून माझं कौतुकही झालं.

२७ एप्रिल २०१८ ला केंद्र सरकारची अधिसूचना निघाली. खासगी कंपन्यांनी देशात विकायला ऑक्सिटोसिन बनवायचं नाही, बाहेरून आणायचं नाही. बनवणार फक्त एक सरकारी कंपनी, बेंगळुरूची कर्नाटक अँटिबायोटिक्स. त्यामागे २०१६ चा हिमाचल उच्च न्यायालयाचा, जनावरांतल्या गैरवापराबद्दलचा आदेश होता. आमच्या दीडशे सह्यांनी हे झालं असं मुळीच नाही. पण बातमी वाचून मला आनंद झाला, आणि तो मी बोलूनही दाखवला. तेव्हा माझ्या चुलत दिराची मुलगी, नर्स आहे ती, एवढंच म्हणाली, "काकी, ते म्हशीचं इंजेक्शन नव्हं. आमचं हाय. पोरीला गेल्या वर्षी पयलं काय दिलं हुतं, ठावं हाय का तुमास्नी?"

मला ठाऊक नव्हतं. तेच दिलं होतं.

मी खाली बसले. भाचीच्या खाटेशी रात्र काढलेली मी, चार महिन्यांनी तेच औषध बंद करा म्हणून सह्या गोळा करत होते. गाईचं दुःख माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तेव्हाही ते खोटं नव्हतं. पण बाळंतीण माझ्या हिशेबातच नव्हती. हा खोट एकट्या माझा नाही, आपल्या दयेचाच हा जुना खोट आहे. जो जीव बोलत नाही त्याच्यासाठी आपण सह्या करतो. जी बाई घरात, पडद्याआड, सुवेरात पडलेली असते तिच्या रक्ताला आपण 'विटाळ' म्हणतो आणि तोंड फिरवतो.

देशभरातल्या जाणकारांनी आणि औषधांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कनं विचारलं की एवढ्या मोठ्या देशातल्या सगळ्या बाळंतिणींचं औषध एकाच कारखान्यावर सोपवायचं? तिथे एक बॅच बिघडली तर? १४ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. निर्णयाला शास्त्रीय आधार नाही आणि तो मनमानी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. नंतर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. गोठ्यातला गैरवापर रोखायचा तर गोठ्यावर, चोरट्या विक्रीवर नजर ठेवायला हवी. त्याऐवजी कुलूप लागलं ते प्रसूतिगृहाच्या कपाटाला.

मग नियमच नकोत का? असं म्हणायची माझी हिंमत नाही. कारण नोव्हेंबर २०२४ अजून ताजा आहे. आपल्याच राज्यात बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात सीझर झालेल्या पाच बाळंतिणी एकामागोमाग गेल्या. संशय सलाईनवर, रिंगर लॅक्टेट या साध्या द्रावणावर, जे पश्चिम बंगालमधल्या एका कंपनीकडून घेतलं होतं. त्याआधी राज्याच्या तपासणीत या मालाच्या काही बॅच नापास झाल्या होत्या, केंद्राच्या प्रयोगशाळेत त्यातल्या काही पास ठरल्या, आणि माल वापरात आला, असं राज्य सरकारनंच सांगितलं. इथे नियम होते, शिक्के होते, प्रयोगशाळाही होत्या. सगळ्यात कमी भावाचं टेंडर होतं. नव्हता तो एक माणूस, जो म्हणेल, "दोघांचं जुळत नाही ना, मग ही बाटली कुठल्याही बाईच्या शिरेत जाणार नाही."

म्हणून माझी तक्रार नियम कडक आहेत की सैल आहेत ही नाही. नियम कुणाला डोळ्यांसमोर धरून केला, ही आहे. गोळीचा नियम करताना डोळ्यांसमोर गुन्हेगार होता. इंजेक्शनचा करताना म्हैस होती. सलाईनच्या खरेदीत भाव होता. बाळंतीण एकदाही नव्हती. गोळीचा गैरवापर झाला तर कोणाची तरी चौकशी होते. गोळी मिळाली नाही म्हणून बाई गेली तर कोणाची होते? 'बाळंतपणात गेली' म्हणून वही मिटते. नफ्याचंही तसंच. जे औषध महाग, त्याच्यासाठी प्रतिनिधी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभे असतात. स्वस्त औषधासाठी दारात उभं राहायला कुणीच नसतं. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही म्हणून विक्रेता नाही, आणि सरकारदरबारी वाली नाही.

आपला सीमाभाग तर दोन्ही राज्यांच्या वहीत काठावर. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत एक लाख जिवंत जन्मांमागे माता-मृत्यू महाराष्ट्रात ३३ होते आणि कर्नाटकात ६९. ही आख्ख्या राज्यांची सरासरी आहे, निपाणी-कागलची नव्हे, म्हणून त्यावरून भांडण काढू नये. पण प्रश्न मनात येतोच. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की भाकरी तीच, बोली तीच, सोयरीकही तीच, मग बाळंतिणीचं नशीब का बदलावं? आपल्या मुली सासरी कर्नाटकात 'तायी कार्ड' काढतात, तायी म्हणजे आईच, आणि सातव्या महिन्यात माहेरी महाराष्ट्रात जातात. तिथली आशाताई म्हणते, "तुमची नोंद तिकडं." इकडची म्हणते, "त्या गावात नाहीत." ऐन नवव्या महिन्यात आपली पोर कुठल्याच यादीत नसते.

आणि आपल्या पोरींचं निदान घर तरी आहे. दिवाळीनंतर बीडकडून, विजापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, संकेश्वर-चिकोडी-निपाणीच्या फडांत पालं पडतात. त्यांतल्या कितीतरी बायका पोटुशी असतात. आज कर्नाटकात शंभरातली सत्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं पाहणी सांगते. अभिमानाची गोष्ट आहे. पण उरलेल्या तिघींत कोण असेल? पहाटे चारला मोळी उचलणारी, नाहीतर खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरची. बेळगावच्या अभ्यासातली ती गोळी खरं तर तिच्यासाठीच होती. केंद्र सरकारनं २०१३ सालीच सूचना काढल्या की जिथे बाळंतपण घरी व्हायची शक्यता आहे तिथे नर्सबाई-आशाताईंनी ही गोळी आधीच देऊन ठेवावी. फडातल्या बाईला ती कुठल्या राज्याच्या आशाताईनं द्यायची, हे मात्र कुणाच्या वहीत लिहिलेलं मला दिसलं नाही.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान. औषधदान म्हटलं की आपण काय करतो? शिबिर भरवतो, फलक लावतो, व्हिटॅमिनच्या बाटल्या वाटतो, फोटो काढतो. यात वाईट काही नाही. पण व्हिटॅमिनच्या बाटलीला वाली आहे, तिची कंपनी तिची काळजी घेते. दान त्या औषधाचं करावं ज्याला कुणी नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. या दशलक्षण पर्वात आपल्या मंडळानं जवळच्या प्रसूतिगृहात, मग ते सरकारी असो की खासगी, चार बायकांनी मिळून जावं आणि नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. ऑक्सिटोसिन कुठं ठेवता आणि लाईट गेल्यावर फ्रिज कशावर चालतो? मिसोप्रोस्टॉल आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड आज कपाटात आहे का? बाळंतपणानंतर रक्त मोजता का, कशानं? रक्ताची गरज पडली तर बाटली कुठून आणता, किती वेळात? फ्रिजला बॅटरी नसेल तर ती आपण देऊ, एका पंगतीच्या खर्चात होईल. मापाचं कापड नसेल तर शंभर कापडं देऊ. औषध मात्र आपण वाटायचं नाही, ते डॉक्टर-नर्सचंच काम. पण औषध नसेल, तर का नाही हे लेखी विचारायचं काम आपलं आहे, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं. सह्या गोळा करायचा सराव आपल्याला आहेच. बस्तीच्या पायऱ्याही तिथंच आहेत.

आणि घरात एवढंच करा. बाळंतपणाला गेलेली मुलगी, सून, भाची म्हणाली की फार जातंय, तर 'घाण आहे, जाऊ दे' असं म्हणू नका. दर किती वेळानं कपडा बदलावा लागतोय ते घड्याळ लावून बघा आणि लगेच सांगा.

आमच्या वखारीतला काटा अजून माडीवर पडून आहे. गंजलाय. परवा साफसफाईला वर गेले तेव्हा त्याच्या शेजारीच जुनी बारदानं घडी करून ठेवलेली दिसली. कधीची, कुणाला ठाऊक. मी ती उलगडली नाहीत.